माहेरवाशीण

"टोपली मीच उचलणार," सरपंच म्हणाले, आणि गर्दीत उभ्या असलेल्या द्वारकाकाकू दोन पावलं मागे सरकल्या.

पंचावन्न दिवसांपूर्वी पहाटे काकूंनीच ओल्या वाळूत बसायचा पाट ओढून, दोन्ही बाजूंना उलथण्यानं ओरखडे काढून कासवाची वाट उमटवली होती आणि शेवटी टोपली पालथी घातली होती. करणार काय? किनाऱ्यावर कचरा टाकू नका म्हणून फलक लावला, तर लोकांनी त्यावर ओल्या चड्ड्या वाळत घातल्या! कासवीण अंडी घालून गेली म्हटल्यावर मात्र गावाला मायेचा पाझर फुटला. "लेक माहेरी बाळंतपणाला आलीय, आणि तुम्ही गाड्या फिरवता?" म्हणत सरपंचांनी जीपवाल्यांना पिटाळलं. गावानं कचरा उचलला, झगझगीत दिवे उतरवले. किनारा लख्ख झाला.

आज पिल्लं बाहेर यायचा दिवस. सरपंचांनी टोपली उचलून कोपरापर्यंत वाळू उकरली. पिल्लू एकही नाही. निघालं ते त्या दिवसापासून हरवलेलं उलथणं, त्यावर काकूंचं नाव कोरलेलं.

सगळ्या माना काकूंकडे वळल्या. तेवढ्यात पलीकडून हाक आली, "अहो, इथे ताजी वाट दिसतेय!"

"काकू, पुन्हा?" सरपंच कडाडले.

"देवाशप्पथ नाही! माझा पाट घरी आहे."

हलक्या हातानं वाळू सारली, तर खाली पांढरीशुभ्र, खरीखुरी अंडी. सरपंचांनी काकूंना हातच जोडले आणि टोपली तिकडे नेली.

काकूंचं लक्षच नव्हतं. त्या वाकून कासविणीची वाट न्याहाळत होत्या.

"काय हे वाकडंतिकडं!" त्यांनी नाक मुरडलं. "माझी कशी सुबक आली होती."