आईची खोली

शिवांजली सांगलीत आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. ‘घरातल्या एखाद्या माणसासाठी खोली डिझाइन करा,’ असं सरांनी सांगितलं, तेव्हा तिनं आईलाच निवडलं. थोरला भाऊ धैर्यशील सीमेवर शहीद झाला, त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून सगळा तालुका अंजनाबाईंना वीरमाता म्हणायचा. सत्कार असो की शाळेतलं झेंडावंदन, आई कुठंच डगमगली नाही.

शिवांजलीनं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. समोरच्या भिंतीवर पदकं आणि फोटो, खाली आल्यागेल्यांना बसायला ऐसपैस जागा. परीक्षकांनी फार कौतुक केलं. सुट्टीत ती ते मॉडेल मांडीवर सांभाळत एसटीनं औंधला घेऊन आली.

आई बराच वेळ मॉडेल न्याहाळत राहिली.

“लय झ्याक केलंयस गं.”

“काय कमी असंल तर सांग आई, अजून बदलता येतंय.”

आईनं पुठ्ठ्याचं इवलंसं दार बोटानं हळूच लोटून पाहिलं.



“आतनं कडी बसीव बाई. मला एकदा पोटभर रडायचं हाय.”