चौथा वॉशर

सुहैलने ग्रीसने माखलेलं बेअरिंग चाकाच्या हबमध्ये सरकवलं, त्यावर नट चढवला आणि रय्याची नजर फडक्याकडे गेली. वॉशर तिथेच पडला होता.

 तिने कॉफीची सुरई उगाच निखाऱ्यावरून उचलली आणि परत ठेवली.

महिन्यातून एकदा सुहैल आणि त्याची लेक रय्या किनाऱ्यावर जात आणि उंटांना चारायला सुकवलेली तारली मासळी भरून आणत. येताना भरतीचं पाणी चाकांना लागे. खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरलं की आठवड्यात ते घरघरायला लागतं. म्हणून वाळवंटातल्या तळावर परतलं की गाडीला जॅक लावायचा, पुढची चाकं उतरवायची, जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं. गाडी रय्या चालवी. चाकं मात्र तीस वर्षं सुहैलची. शिकून घे, असं तो दर वेळी म्हणे. तुम्ही आहात ना, असं ती दर वेळी म्हणे आणि खजुराची बी वाळूत थुंके.

यंदा हिवाळ्यापासून त्याच्या डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी आलं होतं. मस्कतहून मत्तरचा, तिच्या भावाचा, दर शुक्रवारी फोन येई. बाबांना पाठव, ऑपरेशन करू, मग राहतील इथेच, खोली तयार आहे. सुहैलचं उत्तर ठरलेलं होतं: मी आलो तर चाकं कोण बघणार? रय्याला ते उत्तर फार आवडे. मस्कतला गेलेला म्हातारा वाळूत परत येत नाही, हे तिने आजूबाजूच्या तळांवर पाहिलं होतं.

आणि मग तीन महिन्यांपूर्वी तो चुकला.

किनाऱ्यावरून येऊन तीन दिवस झाल्यावर तिला स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर लागली. बाबांना बिदिया गावात जुम्म्याच्या नमाजाला सोडून ती गाडी तिथल्या गॅरेजात घेऊन गेली. मेकॅनिकने हब उघडला आणि मान हलवली. नट सैल होता. त्याला जागेवर धरणारा वॉशर बसवलेलाच नव्हता. रय्याने नवा बसवून घेतला. मेकॅनिकचे हात कसे चालतात ते नीट पाहिलं. आणखी मूठभर वॉशर विकत घेऊन खजुराच्या पिशवीखाली लपवले. हे मत्तरच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी तो दारात उभा राहिला असता.

पुढच्या महिन्यात सुहैल पुन्हा विसरला. या वेळी गॅरेजला जायची गरज पडली नाही. तो गाफच्या झाडाखाली तोंडावर मुंडासं ओढून झोपला होता, तेवढ्यात तिने स्वतःच हब उघडला. नट पूर्ण आवळला, चाक फिरवून पाहिलं, मग किंचित मागे घेतला, वॉशर घातला, वरचा नट चढवला आणि वॉशरची कड त्यावर दुमडली. तिसऱ्या महिन्यातही तेच. तिने बसवलेला कोरा वॉशर पुढच्या खेपेला त्याच्या हातात यायचा, तरी त्याला कधी शंका आली नाही. दिसतच नाही बिचाऱ्याला, असं तिला वाटे. वर हट्ट असा, की चाकं केल्यावर काही दिवस तो तिला एकटीला गाडी नेऊ देत नसे. शेजारी अनवाणी बसून राही आणि जरा वेग वाढला की ओरडे.

आज सुहैलने नट फिरवला, हब हलवून पाहिला आणि हात पुसले. वॉशर फडक्यावरच होता.

"झालं," तो म्हणाला.

रय्या पुढे झाली. चाक मी चढवते, तुम्ही पडा जरा, असं म्हणाली.

"पडतो की. मुंडाशाला भोक आहे, त्यातून जवळचं सगळं दिसतं."

तिला कळेना. सुहैलने खिशातून कॉफीची लहान डबी काढली आणि तिच्या ओंजळीत उलटी केली. तीन वॉशर पडले. एक जुना, झिजून काळा पडलेला. दोन कोरे.

"माझा बाप माझ्या खोगिराचा पट्टा मुद्दाम सैल ठेवायचा," तो म्हणाला. "मी दोनदा तोंडावर आपटलो, तिसऱ्यांदा चढायच्या आधी हात लावून पाहिला. सांगून कोण शिकतं? तू तर नाहीच. पहिल्या वेळी तुला तीन दिवस लागले. दुसऱ्या वेळी एक. गेल्या वेळी तर तळावरून निघायच्या आधीच तू हबला हात लावलास."

रय्याचा चेहरा लाल झाला. चाक निखळलं असतं म्हणजे, असं ती कसंबसं म्हणाली.

"म्हणून तर शेजारी बसायचो. गाडीचं दुखणं तळपायाला आधी कळतं. काय वाटलं तुला, लांबच्या टेकड्या बघायला येत होतो? त्या तर मला दिसतही नाहीत."

त्याने फडकं चाचपून चौथा वॉशर उचलला, तिच्या तळहातावर ठेवला आणि पाना पुढे सरकवला. तिने नट आवळला, किंचित मागे घेतला, वॉशर बसवला. वरचा नट चढवून त्यावर वॉशरची कड दुमडली. सुहैलने नटावरून अंगठा फिरवला. दोनदा.

"आता मत्तरला फोन लाव. म्हणावं, ऑपरेशनची तारीख घे. न्यायला तो येऊ दे," सुहैल म्हणाला, "आणायला मात्र तू ये. याच गाडीने."