प्रांजलचा रिटेनर

सम्यकनं कचऱ्याचा डबा बाल्कनीत वर्तमानपत्रावर पालथा केला, तेव्हा शकूबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. डब्यातून चहाचा चोथा निघाला, कांद्याची सालं निघाली, दुधाची पिशवी निघाली. प्रांजलचा दातांवर बसवायचा रिटेनर निघाला नाही. निघणारच नव्हता. सकाळची पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली होती, आणि ती खाली नेऊन देणाऱ्या शकूबाईच होत्या.

तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात आयाची नोकरी केली होती. वापरलेला कागद, कापूस कुठं पडलेला दिसला की उचलायचा, ही हाताची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्या सकाळी टेबलावर टिश्यूचा बोळा दिसला, त्यांनी उचलला. बोटांना आत काहीतरी कडक लागलं. पण खाली गाडीचा भोंगा वाजत होता. बोळा पिशवीत गेला, पिशवी गाडीत गेली.

"आई, तू पाहिलास का गं?" सम्यकनं विचारलं.

"नाही रे बाबा."

शब्द निघून गेला. आता तो परत कसा घ्यायचा, ते त्यांना कळेना.

सम्यक बायकोकडे वळला. "टिश्यूत कशाला गुंडाळायचा, प्रांजल? डबी कशाला दिलीय मग? डॉक्टरनी दहा वेळा सांगितलं होतं ना!"

"चुकलं माझं," प्रांजल म्हणाली आणि पसरलेला कचरा गोळा करायला बसली.

प्रांजलचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं स्वतःहून अलायनरचा विषय काढला, तेव्हा शकूबाईंना नवलच वाटलं होतं. दीड वर्ष तिनं ते पारदर्शक साचे दातांवर चढवले. दर पंधरा दिवसांनी नवा साचा. जेवणापुरता काढायचा, दात घासून पुन्हा घालायचा. ऑफिसच्या पार्टीत सगळे खात असले तरी ही पाणी पीत बसायची. दात एका ओळीत आले. मग डॉक्टरांनी रिटेनर दिला आणि बजावलं, "हा रोज झोपताना घालायचा. कंटाळा केलात तर दात हळूहळू जुन्या जागी जातील."

त्या दिवशी शकूबाईंची भाकरी तव्यावर करपली. नवा रिटेनर होईल चार दिवसांत, त्यांनी मनाला समजावलं. मग कशाला बोलायचं?

पण नवा काही आला नाही. "ऑफिसात खूप काम आहे, पुढच्या आठवड्यात जाते," असं प्रांजल म्हणायची, आणि पुढचा आठवडाही तसाच जायचा. सम्यक जेवताना टोचून बोलायचा. "दीड वर्षाची वाट लावलीस." ती मान खाली घालून वरण वाढायची.

महिना झाला आणि डावा दात किंचित पुढं आल्याचं सगळ्यांत आधी शकूबाईंना दिसलं. त्यानंतर त्यांची नजर सुनेच्या तोंडावरून हलेना. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी त्यांचा आवाज आपोआप खाली जाई. शेजारी बसलेल्या सोनूबाईंनी विचारलंसुद्धा, "घसा बसला का गं?"

शेवटी एका दुपारी त्या रिक्षा करून घाटकोपर स्टेशनजवळच्या दवाखान्यात एकट्याच गेल्या. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "माझ्या सुनेचा रिटेनर माझ्या हातनं गेला. नवीन बनवून द्या. तिला सांगू नका."

मुलीनं कॉम्प्युटरवर नाव पाहिलं. "आमच्याकडे माप आहे ना आजी. आम्ही तीनदा फोन केला मॅडमना. त्याच नको म्हणाल्या."

शकूबाई तिथल्याच बाकावर बसल्या. पोर नवऱ्याच्या बोलण्याला घाबरली असणार. पुन्हा खर्च नको म्हणून मन मारलं असणार. आणि हे सगळं आपल्या एका 'नाही'पायी.

संध्याकाळी प्रांजल अंधेरीच्या ऑफिसातून आली, हातपाय धुऊन त्यांच्यासमोर मेथी निवडायला बसली. सम्यक अजून यायचा होता. शकूबाईंनी जुडी बाजूला सारली.

"प्रांजल, तो रिटेनर मी टाकला गं. हाताला कडक लागलं होतं, तरी टाकला. आणि सम्यकला खोटं सांगितलं."

प्रांजलचे हात थांबले नाहीत. "माहितेय, आई. मी दारातच उभी होते."

"काय? मग हाक का नाही मारलीस? महिनाभर त्याची बोलणी खाल्लीस की!"

"मारणार होते हाक. मग वाटलं, जाऊ दे. तुमच्याच हातानं जातोय ना, तर जाऊ दे."

"म्हणजे काय?"

प्रांजलनं हातातली काडी खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मला माझे दात कधीच वाईट वाटले नव्हते, आई. तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा मी आत चहा गाळत होते. बाहेर तुम्ही तुमच्या बहिणीला म्हणालात, पोरगी गुणाची आहे, हसली नाही तर छान दिसते."

शकूबाई आठवत राहिल्या. भांडुपचं ते घर आठवलं, पंख्याची घरघर आठवली, प्रांजलच्या साडीचा मोरपंखी रंगसुद्धा आठवला. ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना.