नववी घार

"हे साफ खोटं आहे," मावशी म्हणाली आणि तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, जणू खोटं काचेवरच बसलं होतं.

भाचीनं लॅपटॉप तिच्याकडे आणखी सरकवला. कुणालाही लिहिता-खोडता येईल असा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश होता, आणि मावशीच्या जुन्या कारखान्यात बनणाऱ्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर त्यात चक्क एक पान होतं. टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. त्यातल्या घारींच्या खेळात पडद्यावर नववी घार आली की सगळं संथ व्हायचं. घारी पाण्यातून पोहत आल्यासारख्या यायच्या. खेळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून ही गती मुद्दामच कमी केली होती, असं पानावर लिहिलं होतं. शेजारी तसं सांगणाऱ्याचं नाव, आणि स्रोत म्हणून एका जुन्या मासिकाचा अंक.

ते लंबूचं खरं नाव होतं. कारखान्यात त्याला त्या नावानं कधी कुणी हाक मारली नव्हती. पडद्यावरची चित्रं हलवणारं सर्किट त्याचं, आणि ते तपासून पास करायचं काम मावशीचं. नऊ वर्षं दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती.

"मुद्दाम कसलं डोंबल! प्रोसेसरला आठच घारी झेपायच्या. नववी आली की त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. मासिकाच्या बाईंनी विचारलं, तर या लंबूनं तोंड वर करून ठोकून दिलं. मी मागेच उभी. हसू आवरेना, म्हणून पेचकस शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकले."

"मग दुरुस्त कर ना. इथं दाब आणि लिही."

मावशीनं एका बोटानं टक् टक् करत ते वाक्य खोडलं आणि खरं काय ते लिहिलं. चहा संपायच्या आत जुनं वाक्य परत जागेवर हजर. सोबत कुणा संपादकाचा निरोप: 'कृपया स्रोत द्या.'

मावशीनं लिहिलं, 'मी तिथं होते.'

'असाल. पण आम्हाला ते पडताळता येत नाही. मुलाखत छापील आहे. तिच्याविरुद्ध काही छापील आहे का?'

"अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"इथं आरसाच लागतो, मावशी. कांकण चालत नाही."

मावशी इरेला पेटली. दोन दिवस कपाटं उपसली तेव्हा कुठं शिलाई मशीनच्या खोक्यात ती पातळ पुस्तिका सापडली. दुरुस्तीच्या दुकानांसाठी कारखान्यानं छापलेली. मजकूर सगळा मावशीनं लिहिलेला. पान चौदा: 'आठाहून अधिक आकृत्या आल्यास चित्राची गती मंदावते. हा बिघाड नसून प्रोसेसरची मर्यादा आहे. ग्राहकास तसे समजावून सांगावे.'

ते एक वाक्य लिहायला तिला आठवडा लागला होता. लंबू खेळायचा, ती हातात स्टॉपवॉच घेऊन वेळ मोजायची. तो इतका रंगून खेळायचा की जेवणाच्या सुट्टीत अख्खा विभाग त्याच्या खुर्चीमागे गोळा व्हायचा. सगळं संथ झालं की सगळे आपोआप गप्प व्हायचे. पुस्तिका छापून आल्यावर त्यानं पान चौदा वाचलं होतं आणि म्हणाला होता, "किती रुक्ष लिहितेस गं! हे वाचून कुणाला खेळावंसं वाटेल?"

भाचीनं पानाचा फोटो काढून पाठवला. संपादकानं आभार मानले आणि पान बदललं. आता तिथं प्रोसेसरची मर्यादा आली होती. पुस्तिकेचा हवाला, पान चौदा, सगळं रीतसर.

"जिंकलीस की!" भाचीनं टाळी वाजवली.

मावशीनं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग परत वरून.

"लंबू कुठं गेला?"

भाचीनं नाव शोधून पाहिलं. पानावर ते त्या एकाच वाक्यात होतं. वाक्याबरोबर तेही गेलं होतं.

लंबूला जाऊन चार वर्षं झाली होती. कारखाना तर कधीच बंद पडला होता. मावशीनं घाईघाईनं लिहिलं, 'चित्रांचं सर्किट त्याचं होतं. तेवढं तरी लिहा.'

'स्रोत?'

पुस्तिकेत कुणाचंच नाव नव्हतं. मासिकानं त्याचं नाव छापलं होतं, पण पुढे नुसतं 'कारखान्याचे प्रतिनिधी', सर्किटबद्दल अवाक्षर नाही.

'मग जुनं वाक्य परत घाला.'

'ते चुकीचं आहे. तुम्हीच तर सिद्ध केलंत.'

भाची म्हणाली, "जाऊ दे आता, मावशी. नियम तो नियम."

मावशी उठली. खिडकीशी उभी राहिली, स्वयंपाकघरात जाऊन रिकामीच परत आली. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा एका बोटानं लिहू लागली.

'तो जे बोलला ते खोटं होतं. पण तो तसं बोलला हे खरं आहे की नाही? आणि ते छापीलही आहे.'

दोघी पडद्याकडे बघत बसल्या. मग भाचीनं पान ताजं केलं. मर्यादेच्या वाक्याखाली एक नवी ओळ आली होती. लंबूच्या पूर्ण नावानिशी: 'यांनी मात्र, खेळणाऱ्यास उसंत मिळावी म्हणून गती मुद्दाम कमी ठेवल्याचे एका मुलाखतीत सांगितले होते.'

मावशीनं ती ओळ मोठ्यानं वाचली. नावाशी थोडी अडखळली.

"पण आता वाचणारा खरं कुणाचं मानेल गं?" भाचीनं विचारलं.

"त्याचंच," मावशी म्हणाली. "मी खरं बोलायचे. तो छान बोलायचा."