पोराची तुळा

या, जरा सरकून जवळ बसा. देवाला तुळेत बसवलं आणि तुळशीच्या एका पानानं पारडं कसं फिरलं, ते कीर्तनात तुम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. दिग्रसच्या एका शेटनं पोटच्या पोराची तुळा केली, ती आज ऐका. लहानशीच आहे.

जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठोड्यांची रांग लागली होती. भाव पडलेला होता, आणि भाव पडला की शेटच्या तोंडाला चव यायची. काट्याशेजारी खुर्ची टाकून तो प्रत्येक गाठोड्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि म्हणायचा, "ओला आहे." अंगणात आठवडाभर वाळवलेला कापूसही त्याच्या हाताला ओलाच लागायचा. मग काट्यावरही तो कमीच भरायचा. रांगेतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं.

शकुबाईचं गाठोडं नुकतंच काट्यावर चढलं होतं. तेवढ्यात शेटचा मुलगा सोनू मोबाइल कानाला लावून आला. गावाबाहेरच्या धरणात त्याच्या मित्राची मोटारबोट उतरली होती. रांगेतल्या कोणाच्या शेतात त्या धरणाचं पाणी कधी आलं नव्हतं, बोट मात्र आली. पायांत लांब पट्ट्या अडकवायच्या, बोटीला बांधलेली दोरी धरायची आणि पाण्यावरून उभ्यानं घसरत जायचं, असा तो खेळ. पट्ट्या आणि तरंगायचं जाकीट पुण्याहून यायचं होतं.

"बाबा, दुकानदार वजन विचारतोय. ऐंशीच्या आत एक माप, ऐंशीच्या वर दुसरं."

"मग त्यात विचारायचं काय? काटा समोर आहे," शेट म्हणाला. "अमरसिंग, बाईचं गाठोडं उतरव."

गाठोडं मातीत उतरलं. सोनू बुटांसकट काट्यावर चढला. अमरसिंग मापाऱ्यानं दांडीवरचं वजन पुढं सरकवलं, मागं घेतलं, पुन्हा सरकवलं. मग तो शेटकडं पाहत राहिला.

"बोल ना बे."

"शहात्तर, शेटजी."

"काहीही काय!" सोनू म्हणाला. "परवाच नागपूरला जिममध्ये त्र्याऐंशी भरलो."

मग मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "नागपूरले ओला असन. रस्त्यानं वाळला."

कोणी हसलं नाही. नुसते खोकले.

शेटचा चेहरा तांबडा झाला. "जिमवाल्याचा काटा खोटा आहे. हा माझ्या बापाच्या हातचा काटा. शहात्तर सांग त्याला."

"पण बाबा, जाकीट लहान पडलं तर माणूस वर राहत नाही म्हणतो तो. अन् मला पोहता येत नाही."

शेटनं पोराकडं पाहिलं, मग रांगेकडं. एका बाजूला पोटचा गोळा, दुसऱ्या बाजूला काटा. त्याला निवडायला फार वेळ लागला नाही.

"शहात्तर म्हणजे शहात्तर. सांग."

सोनूनं फोन तोंडाशी नेला. शकुबाई आपल्या गाठोड्यावरून उठली.

"थांब रे बापू," ती म्हणाली. "नागपूरचं वजन सांग त्याले." मग ती शेटकडं वळली. "शेटजी, आमचा कापूस बुडवत आले, बुडवा. पोट्टं काहून बुडवून राह्यले?"

फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत होता. शेटनं खिशातून किल्ल्या काढल्या, पाहिल्या, परत ठेवल्या.

"गोदामाच्या मागं जाऊन बोल," तो पोराला म्हणाला. "इथं रेंज नाही."

सोनू गेला. गोदामाची भिंत पत्र्याची होती. "त्र्याऐंशी," सगळ्या रांगेला ऐकू आलं. "हो हो, त्र्याऐंशी. मोठंच पाठवा."

शकुबाईनं गाठोड्याला लागलेली माती पदरानं झटकली. अमरसिंगनं ते उचलून त्याच काट्यावर ठेवलं आणि दांडीला हात लावण्याआधी मालकाकडं पाहिलं. शेटनं गाठोड्यात हात खुपसला.

"ओला आहे," तो म्हणाला.

शेटचं नाव मी मुद्दामच घेतलं नाही, जिभेला विटाळ कशाला. तुमच्याकडं हात जोडून एवढंच मागणं आहे: देवापुढं दिवा लावाल तेव्हा क्षणभर शकुबाईची आठवण काढा.