उजवा हात

"गौरींचा नैवेद्य या वर्षी तुझी जाऊ सुलभा करील," सासूबाई म्हणाल्या. पण हेमांगीने कणकेतला उजवा हात बाहेर काढला नाही.

उन्हाळ्यात कुकर फुटून तो हात कोपरापर्यंत भाजला, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी त्यावर कोंबडीची कातडी बसवली होती. पिसं उपटताना कातडी फाटू नये म्हणून पोल्ट्रीवाले ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात जस्त आणि तांब्याचे क्षार घालू लागले, आणि कातडी इतकी चिवट निघू लागली की आता भाजलेल्यांना तीच लावत. हेमांगीचा हात वाचला, फक्त पिवळसर आणि खरबरीत झाला.

"आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू या हाताने देवीला वाढणार?"

"हो."

"निदान हातमोजा तरी घाल. बायका काय म्हणतील?"

"एका पक्ष्याचा जीव गेला म्हणून माझी बोटं हलतात, आई. त्याला मी विटाळ म्हणणार नाही, आणि झाकणारही नाही."

तिने पुरणपोळ्या लाटल्या, देवीला वाढल्या, मग बाही वर सारून पंगतीत तूप वाढायला निघाली. दोघीतिघींनी वाटीवर हात आडवा धरला. हेमांगी तूप घेऊन प्रत्येकीपुढे थांबली, "वाढू?" असं स्वच्छ आवाजात विचारून पुढे गेली.

सासूबाई त्या दिवशी उपाशी राहिल्या. हेमांगी सगळ्यांच्या देखत पाटावर बसली आणि पोटभर जेवली.