जमीरचा कम्प्युटर क्लास

सुखीबाई दाराकडे येताना दिसली, तशी जमीरने टेबलावर टकटक केली. चारही कम्प्युटरांवरचा गोळीबार एकदम थांबला. पडद्यांवर टायपिंगचा धडा आला. आत्ताच एकमेकांच्या नावाने बोंबलणारी पोरं माना खाली घालून कीबोर्डवर बोटं आपटू लागली.

प्लायवूडच्या पार्टिशनच्या अलीकडून नुजहत हे बघत होती. तिच्या बाजूचे दोन्ही टीव्ही बंद होते.

पांढरकवड्याच्या हायवेलगतचं हे अब्बांचं गॅरेज. अब्बा गेल्यावर बहीणभावांनी ते मधून वाटून घेतलं. सासर सोडून आलेल्या नुजहतला सौदीतल्या जेद्द्याच्या मामूंनी टीव्हीला जोडायचे दोन गेम पाठवले होते. पहिल्या वर्षी कापसाच्या जिनिंगवरची पोरं आणि ट्रकवाले त्यासाठी बाहेर ताटकळत बसायचे. मग जमीरने नागपूरहून चार जुने कम्प्युटर आणले, वायरने एकमेकांना जोडले आणि दारावर ‘कम्प्युटर क्लास’ अशी पाटी लावली. त्याच्या पडद्यावरचं चित्र अडकायचं, मशीन मध्येच बंद पडायचं. नुजहतकडच्या गाड्या तर खऱ्यासारख्या पळायच्या. पण लागोपाठ दोन हंगाम कापूस बुडाला आणि तिची बाजू ओस पडली. खेळायला कोणी पोराच्या हातात पैसे ठेवत नव्हतं. कम्प्युटर शिकायला मात्र आईबाप कुठून कुठून आणून देत होते. उमरखेडचा एक जण आज संध्याकाळी येऊन तिचे दोन्ही गेम विकत घेऊन जाणार होता.

सुखीबाईने चपला बाहेर काढल्या. पाटणबोरीकडच्या तांड्यावरची बाई. तिचा धाकटा मुलगा मारोती दिवाळीपासून रोज बसने इथे यायचा. ती जमीरकडे गेली नाही. नुजहतपाशी आली.

“बाई, तुमी याची बहीण नं? एक गोष्ट सांगाची होती.”

जमीर लगबगीने पुढे झाला. “मावशी, मारोती एकदम हुशार आहे. या महिन्यात टायपिंग पुरं होते त्याचं.”

सुखीबाईने नुसती मान हलवली. नुजहतची नजर तिच्या हातांवर गेली. कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली होती. चिरांमध्ये काळी माती बसली होती.

“खोटं बोलून राह्यला हा,” नुजहत म्हणाली. “तुमचा पोरगा इथं काही शिकत नाही, मावशी. दिवसभर गेम खेळते. तुमी दिसल्या का पडदा बदलते. माह्याकडं बी गेमच आहे, पण मी त्याले क्लास नाही म्हणत.”

“आपा!” जमीर ओरडला.

मारोतीचे कान लाल झाले. त्याची बोटं कीबोर्डवरच थांबली. नुजहतला क्षणभर मोकळं वाटलं. दुसऱ्याच क्षणी तिला कळलं, की हे फक्त खरेपणाने निघालेलं नव्हतं. आणि घरात पीठ येत होतं ते याच कम्प्युटरांवर.

सुखीबाई चिडली नाही. तिने नुजहतचा हात धरला आणि तिला बाहेर पायरीवर आणलं.

“मले माहीत आहे,” ती हळू आवाजात म्हणाली.

“माहीत आहे?”

“मांगच्या भिंतीपाशी उभी रायते मी. बाजारले आली का येते. गेल्या पोळ्याले माहा थोरला गेला. मारोतीनंच पाह्यला त्याले पहिले, वावरात. तवापासून घरात याचा आवाज नाही. जेव म्हणलं त जेवते, ऊठ म्हणलं त उठते. बोलत नाही. मंग याचा एक दोस्त याले इकडं घेऊन आला. एक डाव मी बाजारातून चालली होती, त तुमच्या भिंतीतून याचा आवाज आला. ‘मार, मार’ म्हणे. कोणाले त शिव्या देऊन राह्यला होता.” तिने पदर तोंडाशी नेला. “मी तठीच खाली बसली, बाई.”

हायवेवरून एक रिकामा ट्रक धडधडत गेला. नुजहतच्या मनातलं तोंडाशी आलंच.

“खेळाचंच होतं, त माह्याकडं काहून नाही बसवलं त्याले?”

“भाऊ जाऊन वर्ष नाही झालं, अन् पोरगा खेळाले जाते म्हणलं, त तांडा काय म्हणन? कम्प्युटर शिकाले जाते म्हणलं का कोणी काही बोलत नाही. तुमच्या टीव्हीले तसं नाव नाही नं.”

जमीर दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“मंग आज काय सांगाले आल्या, मावशी?” नुजहतने विचारलं.

सुखीबाईने गॅरेजच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“मारोतीच्या बापाले आणलं आज. त्याले म्हणलं, एक डाव तू बी आयक. तुमच्या भावाले सांगा, मी दारात दिसली का पोराईले चूप नका करत जाऊ. थो केव्हाचा भिंतीले कान लावून उभा आहे, अन् आतून काहीच आयकू येऊन नाही राह्यलं.”